वाळवलेला साबण

भाचा अम्मानहून आला आणि खजुराच्या डब्याबरोबर साबणाच्या दोन वड्या हातावर ठेवल्या. पांढरट, चौकोनी, वर अरबी शिक्का. "मावशी, पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस शहराचा आहे. ऑलिव्हच्या तेलाचा." नाकाला लावला, तर वास जवळजवळ नाहीच. नखाने टोकरून पाहिला, तर दगड.

तो दगड बघून आईच आठवली. तिला ओला साबण खपत नसे. दुकानातून आलेल्या वड्या ती कागद काढून कपाटात साड्यांच्या मधे उभ्या ठेवायची, दोन महिने तरी. "ताजा साबण लोण्यासारखा जातो," म्हणायची. तिच्या साड्यांना साबणाचा वास आणि साबणाला डांबरगोळीचा. उरलेली चिपटी नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायची, हा पुढचा नियम. ती चिपटी दुसऱ्या दिवशी मोरीच्या जाळीवर सापडायची आणि बोलणी मला.

नाब्लुसवाले आईच्याच पंथाचे निघाले. तेल, पाणी आणि खार, बस. पूर्वी खार म्हणजे जॉर्डन नदीपलीकडून बेदुईन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, आणत ती रोपांची राख, चुन्यात मिसळलेली. हे सगळं तांब्याच्या अवाढव्य हंड्यात दिवसचे दिवस शिजतं, मग वरच्या मजल्यावर थेट जमिनीवर ओततात. अख्खी खोलीच थाळा! रंगात भिजवलेली दोरी ताणून रेघा पाडायच्या, कापायचं, शिक्के ठोकायचे. मी व्हिडिओ बघत होते आणि डोळ्यांसमोर संक्रांतीच्या तिळाच्या वड्या. ताटाला तूप तेवढं लावलेलं नव्हतं.

आणि मग वाळवण. वड्यांचे पोकळ, माणसाहून उंच मनोरे रचतात, वारा खेळावा म्हणून मधे फटी ठेवून. या मनोऱ्यांना तनानीर म्हणतात, म्हणजे तन्नूरचं अनेकवचन. आपला तंदूर तो हाच. (साबण तरी आपला कुठे? तोही अरबांचा साबून.) तिथे त्या वड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात, कधी वर्षभरसुद्धा.

इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या रहात गावी सुमारे १,२०० वर्षांपूर्वीचा साबणखाना सापडल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. एका सधन घरात. आठवडाभर शिजवायचं, मग दहा दिवस उथळ हौदात, मग कापून आणखी दोन महिने वाळवायचं, असा तिथला रिवाज असावा म्हणतात. त्याच घरात दगडी खेळपटही मिळाले. बरोबरच आहे, दोन महिने माणसाने करायचं काय!

१९०७ साली नाब्लुसात तीसेक कारखाने होते, आता बोटांवर मोजण्याइतके. २००२ मध्ये इस्रायली सैन्य जुन्या शहरात शिरलं तेव्हाही काही गेले. २०२४ मध्ये युनेस्कोने ही परंपरा आपल्या वारसायादीत घेतली. कारखाना ढासळायला एक रात्र पुरते, मनोरा वाळायला वर्ष लागतं, हे मात्र मनातून जाईना.

परवा भाच्याचा फोन. "साबण वापरलास का गं?"

"वाळतोय."

"अगं मावशी, तो वर्षभर वाळूनच आलाय!"

असेल. पैठणीच्या घडीत ठेवलाय. अजून दोन महिने राहू दे.