बेसिक कोर्सला जायचंय? आधी मेडिकलच्या मागे लागा

उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतून बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स करून आले. 28 दिवसांचा कोर्स. तिथं काय शिकले हे सांगायचंच आहे, पण त्याआधी मेडिकलबद्दल लिहिते, कारण तो राग अजून गेलेला नाही.

नोंदणी झाली, पैसे भरले, ऑफिसनं रजाही दिली. राहिलं फक्त तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. त्यावर एमबीबीएस डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. आमचे फॅमिली डॉक्टर होमिओपॅथ. ते मला लहानपणापासून ओळखतात, पण त्यांची सही उपयोगाची नव्हती. म्हणून एका सरकारी रुग्णालयात गेले.

केसपेपरच्या खिडकीवर पहिला प्रश्न, "नोकरीसाठी का?" म्हटलं, नाही, गिर्यारोहणासाठी. "असं सर्टिफिकेट आम्ही देत नाही." बरीच विनवणी केल्यावर ओपीडीत पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "किती उंचीवर जाणार?" बेस कॅम्पच बारा हजार फुटांच्या वर आहे म्हटल्यावर फॉर्म परत माझ्या हातात. आधी ईसीजी काढा. ईसीजी नॉर्मल आला, तर म्हणे अधीक्षकांची परवानगी आणा. अधीक्षक मीटिंगला. पुन्हा गेले तेव्हा ओपीडीत दुसरेच डॉक्टर, त्यामुळे सगळं पहिल्यापासून. त्यांनी मोबाइलवर बातमी काढून मला दाखवली. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर हिमस्खलन झालं, त्यात याच संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सचे पंचवीसहून जास्त जण गेले. "उद्या काही झालं तर सही कोणाची म्हणून मलाच विचारतील," डॉक्टर म्हणाले.

त्यांची भीती मला कळते. ती बातमी मीही वाचली होती, घरात त्यावरून रडारडही झाली होती. पण इतक्या खेपांमध्ये एकानंही माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावला नाही. मला दमा आहे का, चढताना धाप लागते का, हे कोणी विचारलं नाही. सही कोणाच्या गळ्यात घालायची, एवढीच चर्चा. प्रमाणपत्र पाठवायची मुदत जवळ येत होती आणि मी बाकावर बसून टोकन नंबर ऐकत होते.

शेवटी ट्रेकिंगच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं स्वतः सह्याद्रीत भटकणाऱ्या एका फिजिशियनचं नाव सुचवलं. त्यांनी आधी रक्तदाब घेतला, मग दवाखान्याचे तीन मजले चढायला लावले आणि पुन्हा घेतला. पाठीला स्टेथोस्कोप लावून खोल श्वास घ्यायला सांगितला. याआधी उंचीवर डोकं दुखलं होतं का, उलट्या झाल्या होत्या का, विचारलं. मग सही केली. केसपेपरच्या रांगेत यापेक्षा जास्त वेळ गेला होता. म्हणून सांगते, कोर्सची तारीख ठरली की पहिलं काम मेडिकल, आणि डॉक्टर ट्रेकर मंडळींमधूनच शोधा. शिक्क्यावरचा नोंदणी क्रमांक नीट वाचता येतोय ना ते तिथंच तपासा, चार झेरॉक्स काढून ठेवा.

ही तपासणी खरी का हवी, ते डोकरियानी बामक हिमनदीवर कळतं. उत्तरकाशीजवळच्या तेखलाला कातळ चढायचा सराव होतो, तिथं आपण सह्याद्रीची माणसं रमतो. भुक्की गावाहून पाठीवर ओझं घेऊन तेल कॅम्प, गुज्जर हट करत बेस कॅम्प गाठणंही दमवतं, पण जमतं. हिमनदीवर मात्र सगळे एका रोपला बांधलेले. मधला रोप जवळपास ताणलेला ठेवायचा, ढिला पडू द्यायचा नाही. पुढचा भेगेत गेला तर मागच्यांनी तिथल्या तिथं आइस अ‍ॅक्सवर (बर्फातल्या कुऱ्हाडीवर) अंग टाकून त्याचं वजन धरायचं. त्या क्षणी माझा श्वास फुलला असेल तर जीव दुसऱ्याचा जातो.

सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरताना स्वतःला थांबवणं, शिकताना उतारावर मुद्दाम घसरायला लावतात. पालथं व्हायचं, अ‍ॅक्सचं टोक खांद्याजवळ धरून सगळा भार त्यावर टाकायचा. पायात क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते) असतील तर पावलं वर उचलायची, नाहीतर दाते बर्फात अडकून माणूस उलटा फेकला जातो. पहिल्यांदा झटक्यात थांबले तेव्हा छाती अभिमानानं भरून आली, अजूनही येते.

हो, नखं बारीक कापून जा. उतरताना बुटात बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. आणि निदान तीन महिने आधीपासून भरलेली सॅक घेऊन जिने चढा.

मला ‘अ’ श्रेणी मिळाली. अ‍ॅडव्हान्स कोर्सला जायचं तर ती लागतेच. त्यासाठी गाठींवर मेहनत घ्या: फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, प्रुसिक. घरी हातमोजे घालून, दिवा बंद करून बांधायची सवय करा. गोठलेल्या बोटांनी पहाटे बांधायच्या असतात त्या.