सगळ्यात जोरात पळणारा ग्राइंडर

दुरुस्तीला आलेल्या, दाबाच्या हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: जोर नाही. त्या दिवशीही टेबलावर तसलेच पडले होते. एक मात्र तक्रारीशिवाय आला होता, तपासणीसाठी मीच मागवलेला. चालवणारा द्यायला तयार नव्हता. "दादा, हा राहू द्या. सगळ्यात भारी पळतो."

मंद पडलेल्यांचं काम सरळ असतं. हवेची लाइन काढायची, लिव्हर दाबून आतली हवा सोडायची, मग खोलायचं. व्हेन (फिरणाऱ्या रोटरमधल्या सरकत्या पट्ट्या) झिजलेल्या, नाहीतर लाइनमधल्या पाण्याने फुगून रोटरच्या खाचेत अडकलेल्या. त्या सिलिंडरला टेकल्याच नाहीत तर हवा बाजूने निसटते, जोर येणार कुठून? व्हेनचा सेट एकदम बदलायचा. एकदोनच बदलण्याची काटकसर मला पटत नाही.

मग तो भारी पळणारा घेतला. चाक काढलं, स्पिंडलला चमकती पट्टी लावली, 6.2 बार हवेच्या दाबावर चालवून वेग मोजणारा टॅकोमीटर धरला. ग्राइंडरच्या प्लेटवर 7,500 आरपीएम (मिनिटाला फेरे). आकडा 9,000 च्या पुढे जाताना दिसला आणि मी लिव्हर सोडली. त्यावरून उतरवलेल्या 180 मिमी चाकाची कमाल मर्यादा होती 8,500.

दोष गव्हर्नरमध्येच असणार, वेगाला लगाम घालणाऱ्या भागात. वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि हवेची वाट आवळतात. इथे ती वजनं जागची हलतच नव्हती. जुनं ऑइल आणि गंज मिळून तपकिरी, चिकट थर झाला होता, नखाने खरवडला तरी निघेना. वाट कायम उघडी. चाक धातूवर दाबलेलं असताना हे लक्षात येत नाही; चाक धातूवरून उचललं की वेग मोकाट सुटतो. वेग 20 टक्के वाढला तर चाकाला फाडणारा ताण 44 टक्क्यांनी वाढतो. एवढ्या वेगात चाक फुटलं तर समोर उभ्या माणसाचं काय होईल, हे मला त्याला सांगावंच लागलं.

असा गव्हर्नर साफ करून परत घालणारेही आहेत. मी नवीनच बसवला. पुन्हा मोजलं, 7,300. ते चाक तोडून भंगारात टाकलं, वरून धड दिसत असलं तरी. ग्राइंडर हातात घेऊन तो म्हणाला, "मंद वाटतोय." मी नवीन चाकावरचा आकडा त्याला वाचायला लावला. त्याने वाचला, थोडा वेळ गप्प राहिला, आणि शेजारच्या दोघांचे ग्राइंडरही स्वतःच घेऊन आला. ते मोजण्याआधी मी लाइनवरचा ऑइलर, हवेत तेल सोडणारं भांडं, उघडून पाहिला. कोरडा ठणठणीत होता. तो भरला, फिल्टरच्या वाटीतलं पाणी सोडलं आणि मगच लाइन चालू करू दिली.