कॅप्स लॉक आणि ३४ अक्षरं

ऑनलाइन नोकरीच्या नावाखाली माझे पैसे लुबाडले गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पोच क्रमांक मोबाइलवर आला, उरलेला तपशील सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर भरला. सगळं तासाभरात झालं. पुढचे ११ दिवस गेले ते आमच्या उपनगरातल्या पोलीस ठाण्याच्या एका टेबलापाशी.

नोकरी कसली, ते आता सगळ्यांना पाठ आहे. टेलिग्रामवर सांगतील त्या हॉटेलांना पाच स्टार द्यायचे, तीन रेटिंगचे १५० रुपये. ते खरंच जमा होतात, गळाला आमिष लागतंच. मग 'प्रीपेड टास्क', म्हणजे आधी आपण पैसे भरून करायचं काम. यात पैसे दोन वाटांनी गेले: २८,००० रुपये यूपीआयने थेट त्यांनी दिलेल्या खात्यांवर, आणि ६४,००० रुपयांचे यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) पी२पीवर, म्हणजे क्रिप्टो एक्स्चेंजवरच्या दुसऱ्या ग्राहकाकडून, विकत घेऊन त्यांच्या वॉलेटवर, म्हणजे क्रिप्टोच्या खात्यावर.

टेबलावर एकच मागणी: यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा नंबर, द्या. यूपीआयचे बारा आकडी नंबर लगेच दिले. पी२पीचा यूटीआर मात्र 'यूएसडीटी खरेदी' असा शेरा मारून वेगळा लिहिला होता, आणि गाडं तिथेच अडलं. ते रुपये मिळाले यूएसडीटी विकणाऱ्याला. त्याने माल दिला, त्याचा व्यवहार संपला. तो नंबर फसवणुकीत धरला तर त्याचं खातं गोठतं आणि चोराचा माग तिथेच तुटतो. चोर सापडला तर वॉलेटच्या पत्त्यावरून आणि ट्रान्झॅक्शन हॅशवरून, म्हणजे क्रिप्टो व्यवहाराच्या ओळख क्रमांकावरून. "मॅडम, रुपये कुठे गेले तेवढंच सांगा," हे उत्तर तीन खेपा ऐकलं.

चौथ्या खेपेला पटलं, तर ऑपरेटरने प्रिंटआउट बघून पत्ता टाइप केला. कॅप्स लॉक लावून! ट्रॉन या क्रिप्टो नेटवर्कवरचा पत्ता ३४ अक्षरांचा, 'टी'पासून सुरू होणारा, आणि त्यात लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. सगळी कॅपिटल केली की तो पत्ताच उरत नाही. त्यात शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल कधीच नसतात, त्यामुळे यातलं काही दिसलं तर वाचण्यात चूक झाली समजा. हॅश ६४ अक्षरांचा, फक्त आकडे आणि ए ते एफ. तिथे लहान-मोठ्याने बिघडत नाही. "आमचा कॉम्प्युटर असाच घेतो," असं उत्तर मिळालं. शेवटी पत्ता आणि हॅश ठाण्याच्या ईमेलवर मजकूर म्हणून पाठवले आणि समोर बसून कॉपी-पेस्ट करून घेतले. पाच मिनिटं लागली.

हे दिवस खटकतात, कारण यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी पोलिसांच्या विनंतीवरून पत्ता गोठवू शकते, पण नाणी तिथे असेपर्यंतच. हॅश एक्स्चेंजच्या विथड्रॉवल हिस्टरीत मिळतो. शेजारी नेटवर्कही लिहा: टीआरसी-२० (म्हणजे ट्रॉन) की आणखी काही. एक्स्चेंजला मेल पहिल्याच दिवशी करा, मी तिसऱ्या दिवशी केला.

हे आधी सांगायला हवं होतं: समोरच्याला जाब विचारण्याआधी टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपवरून चॅट एक्स्पोर्ट करा. तो दोन्हीकडचं पुसू शकतो.

'आधी ३० टक्के कर भरा, मग पैसे काढा' या चोरांच्या थापेला माणूस फसतो, कारण क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आपल्याकडे २०२२ पासून खरोखरच आहे. पण तो सरकारकडे भरायचा असतो, कुणा मॅनेजरच्या वॉलेटवर नव्हे.

मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणी आहेत. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हटलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आणि 'झिरो एफआयआर' (हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घेणं) हे दोन शब्द शांतपणे उच्चारा. माझ्या बाबतीत खुर्ची तरी मिळाली.

यूपीआयचे ९,००० रुपये एका खात्यात गोठलेले सापडले. ते सोडवायला त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज केला आहे. दरम्यान 'क्रिप्टो वसूल करून देतो' म्हणणाऱ्या तिघांचे मेसेज आलेत, तिघांनाही आधी फी हवी आहे, तीही यूएसडीटीत.