घरी शिवलेला किल्ट आणि डेव्हिल्स स्टेअरकेसवरचा वारा

वेस्ट हायलँड वे ही स्कॉटलंडमधली लांब पायवाट किल्ट, म्हणजे तिथला पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, घालून चालायची असेल आणि किल्ट घरी शिवलेला असेल, तर निघायच्या आधी मागच्या निऱ्या कुठपर्यंत शिवल्यात ते बघा. पिन लावली की उडत नाही असं मला तिघांनी सांगितलं होतं, साफ चूक आहे. किल्टचे पुढचे दोन पदर एकावर एक येतात, पिन फक्त वरच्या पदराला लावायची असते, मी दोन्ही पदर एकत्र टोचले आणि पहिल्याच उंच पायरीला कापड टरकलं. आणि मुळात उडतो तो मागचा भाग, तिथे पिनेचा काय उपयोग! ग्लासगोच्या एका दुकानात त्या पिनेचे १८ पौंड घेतले, वर "हिनंच वजन येतं" म्हणे. अजिबात घेऊ नका.

वाट जिथे सुरू होते त्या मल्गायपासून किंग्जहाउसपर्यंतचे पाच दिवस मस्त गेले, त्याबद्दल काही सांगत नाही. सहाव्या दिवशी मात्र वाट लागली. आल्टनाफेपासून डेव्हिल्स स्टेअरकेसचा चढ सुरू होतो, माथा साधारण ५५० मीटर, चढ तसा सोपाय, पण तुम्ही उत्तरेला जाता आणि इथला नेहमीचा वारा नैऋत्येचा, म्हणजे तो पाठीमागून, खालून वर येतो आणि थेट निऱ्यांत शिरतो. दोन्ही हातात काठ्या, एक झोत आला आणि मागच्या सगळ्या निऱ्या उलट्या होऊन सॅक आणि पाठीच्या मधे अडकल्या, ओढून काढल्या की वीस पावलांत परत तेच, असं माथ्यापर्यंत चाललं. मागे लहान मुलं घेऊन एक कुटुंब येत होतं, फार मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत सायकलिंगची शॉर्ट होती म्हणून निभावलं, ती घातल्याशिवाय जाऊच नका, किल्टच्या आत काही घालायचं नाही अशी परंपरा कोणी सांगितली तरी.

चूक कापडाची आणि शिवणीची. लोकरीच्या जाड कापडाचा पारंपरिक किल्ट आठ वार घेतो, त्याचं वजनच त्याला खाली धरतं. माझा चार वार हलक्या पॉलीव्हिस्कोस (पॉलिएस्टर-व्हिस्कोस) कापडाचा, आणि निऱ्या कमरेखाली जेमतेम तीन इंच शिवलेल्या, पुढे सगळ्या मोकळ्या.

किनलॉकलेव्हनला पोचल्यावर आईला फोन केला, तिचं आयुष्य नऊवारीत गेलंय. ती म्हणाली, "अरे निऱ्या मोकळ्या सोडल्यास तर वारा शिरणारच, बसतो त्या जागेपर्यंत दाबून टाके घाल." रात्री हॉस्टेलमधे तेच केलं, कुल्ल्याच्या सगळ्यात रुंद भागापर्यंत प्रत्येक निरी हातानं शिवली, टाके आतून, दोरा दुहेरी. मग केअरटेकरकडून आठ लोखंडी वायसर घेतले आणि एक निरी सोडून एक, आतल्या घडीत, काठापासून दोन बोटं वर, कापडी पट्टीत गुंडाळून शिवले. घडीच्या बाहेरच्या बाजूला लावू नका, चालताना पोटरीवर आपटतात. दोन तास लागले, बोटं सुजली.

दुसऱ्या दिवशी फोर्ट विल्यमपर्यंत २४ किलोमीटर, लारिग मोरची उघडी खिंड, वारा आदल्या दिवसाइतकाच, आणि मागची एकही निरी वर गेली नाही! खिंडीत मी मोठ्यानं ओरडलो. सॅकचा कमरपट्टा मात्र किल्टच्या पट्ट्याच्या वर बांधा, निऱ्यांवर आला की त्या वर ओढल्या जातात.

घरी आल्यावर वायसर लगेच काढा, पावसानं गंजतात, माझ्या दोन निऱ्यांवर डाग पडलेत.