कूलरच्या आडोशाला

२० मेची दुपार. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची तारीख, पोर्टल नेहमीप्रमाणे गोल गोल फिरत बसलेलं आणि एका क्लायंटच्या हिशेबात १८,००० रुपयांचा फरक. फरकाला नऊने भाग गेला की आमच्या धंद्यात पहिला संशय एकच: कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. अठरा हजारांना नऊने बरोबर भाग जातो. शोधत गेले तर सापडलंच. ४६,३०० च्या जागी ६४,३००. एन्ट्री कुणाची? माझी. सकाळी अकरा वाजून काही मिनिटांची.

अकरा वाजता काय चाललं होतं ते लख्ख आठवलं. पलीकडच्या टेबलावरचा, सीए होण्यासाठी आर्टिकलशिप करणारा मुलगा फोनवर कुणाला तरी नंबर सांगत होता. “लिहा नं भाऊ, चौसष्ट. सहा-चार. अहो चौऱ्याहत्तर नाही, चौसष्ट बोलून राहिलो मी.” असं तीनदा. पलीकडच्या भाऊंनी शेवटी लिहिलं की नाही ठाऊक नाही. मी मात्र लिहिलं.

आधीच मराठीत आकडे टाकणं म्हणजे कोलांटउडी. ‘सेहेचाळीस’ म्हणताना सहा आधी येतो आणि बोटांना चार आधी दाबायचा असतो. तीस वर्षं ही उडी मारते आहे, झोपेतही जमेल. पण ऐन उडीत कुणी बोललं की पाय अडकतो.

तर तक्रार अशी की या नव्या ऑफिसात फार ऐकू येतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नागपुरातल्याच धंतोलीतून उठून वर्धा रोडवर आलो. काचांची इमारत, सेंट्रल एसी, खिडकीबाहेरून मेट्रो जाते तीसुद्धा मुक्यासारखी. धंतोलीत दर चार पावलांवर दवाखाना. नियमाप्रमाणे दवाखान्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, दिवसा ५० डेसिबलची मर्यादा. तशी पाटीही होती आमच्या कोपऱ्यावर, आणि त्याच पाटीला टेकून ऑटोवाले हॉर्न वाजवायचे. त्या गल्लीत बसून मी तीन-तीन कंपन्यांचे ताळेबंद एका बैठकीत जुळवलेत. कसे? खिडकीत कूलर होता.

नागपूरच्या माणसाला कूलर समजावून सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्याला सांगून समजत नाही. पुण्याची माझी जाऊ एकदा मे महिन्यात आली होती. रात्री दोन वाजता उठून मला म्हणाली, “अगं, हे विमान कधी उडणार?” आमच्या ऑफिसातला कूलर त्याच जातीचा. पत्र्याचा, तीन बाजूंनी ताट्या, मागे बादलीने भरायचं टाकं. एकदा सुरू झाला की टेबलावरचं प्रत्येक व्हाउचर उडायला बघायचं, म्हणून प्रत्येकाकडे वजनं असायची. काचेचा पेपरवेट, स्टेपलर, कुलूप, एकाकडे तर वरवंटा होता, खरोखरचा. नव्या ऑफिसात कुणाकडेच पेपरवेट नाही. परवा नव्या मुलीने माझा निळा काचेचा गोळा हातात घेऊन विचारलं, “मॅडम, हे शोपीस आहे का?” मी हो म्हणाले.

त्या घोंगाटात शेजारचा काय बोलतो ते कळायचं नाही. कळायचंच नाही, हे महत्त्वाचं. ज्याला बोलायचं तो उठून टेबलाशी यायचा, म्हणजे खरोखर काम असेल तरच यायचा. बाकी सगळे ओठ हलवणारे मासे. उन्हात पिंपळाखाली उभं राहावं तशी मी त्या आवाजाच्या आडोशाला बसलेली असायची. आता आडोसा गेला. आता मला कुणाच्या होमलोनचा हप्ता ठाऊक आहे, कुणाच्या सासूबाईंचा रेशीमबागेतला फ्लॅट विकायला काढलाय ते ठाऊक आहे, आणि रिसेप्शनवरची मुलगी डाएटवर असून चार वाजता समोसा खाते हेही.

मला वाटायचं, हा कान लावायच्या खोडीचा दोष. समजतं म्हणून मन जातं. पण आमच्याकडे एक तेलुगू सर आहेत. त्यांचं घरचं बोलणं सगळं तेलुगूत. मला त्यातलं ‘चेप्पंडी’ सोडलं तर ओ की ठो कळत नाही, तरी त्यांचा फोन लागला की माझी बेरीज चुकते. हे कोडं बरेच दिवस पडलं होतं. मग कळलं की कोल आणि वेल्श नावाच्या दोघांनी हे १९७६ सालीच करून पाहिलंय. इंग्रजी बोलणाऱ्यांना अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली आणि कानावर एक जर्मन उतारा सोडला. जर्मन कुणालाच येत नव्हतं. तरी क्रम घसरला. पुढे लोकांनी असंही दाखवलं की आवाज किती मोठा याने फारसं बिघडत नाही, तो सारखा बदलतो का याने बिघडतं. बोलणं बदलत राहतं, चढतं, थांबतं, वळतं. कूलर एकदा ‘घूं’ म्हणाला की संध्याकाळपर्यंत ‘घूं’. म्हणजे मेंदूला त्यात वाचण्यासारखं काही उरत नाही. वाचून मला फार बरं वाटलं. खोड माझी नव्हती, आणि तेलुगू सरांचीही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जरा प्रेमाने पाहिलं. ते दचकले.

लेकीने यावर उपाय दिला. कानात घालायची ती पांढरी बोंडं आणि मोबाइलवर एक अॅप. पाऊस, समुद्र, रेल्वे, पंखा, हवा तो आवाज दिवसभर. पाऊस लावला. पाच मिनिटांत जीव खालीवर, गच्चीवर कपडे वाळत घातलेत. समुद्र लावला, तो येतो आणि जातो, प्रत्येक वेळी गेला की मी पुढच्या लाटेची वाट बघत बसते. पंखा जरा बरा. पण आवाज आहे आणि अंगावर वारा नाही, हे काही मनाला पटत नाही. वाळ्याचा वास नाही, मानेवर येणारा तो बारीक तुषार नाही. लेक म्हणाली, “आई, तू फार नखरे करतेस.” असेल.

अभ्याससुद्धा मी कूलरपाशीच केला. नागपुरातल्या महाल भागातलं आमचं घर, दोन खोल्या आणि पडवी. होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरायचा, बाबा नव्या ताट्या आणायचे, वाळ्याच्या घेतल्या तर घरात सणासारखं. टाकं भरायचं काम माझं. बावीस बादल्या, मोजलेल्या. मोटर लावली की शेजारच्यांचा टीव्ही आकसायचा आणि ते भिंतीवर थाप मारायचे. पंखा फिरू लागला की घरातला प्रत्येक माणूस ओरडून बोलायला लागायचा आणि आपण ओरडतोय याचा कुणाला पत्ता नसायचा. याला नावही आहे म्हणे. लोंबार्ड नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने १९११ साली लिहून ठेवलंय की भोवती आवाज वाढला की माणसाचा स्वर आपोआप चढतो. लोंबार्डसाहेबांनी आमच्या घरी एक उन्हाळा काढला असता तर आणखी एक नोंद केली असती: आवाज एकदम थांबला तर काय होतं.

कारण लाइट जायची. दुपारी, हमखास, आणि न सांगता.

एकदा मावशी आलेली. आई तिला पोळ्या लाटता लाटता, म्हणजे तिच्या मते हळूच, सांगत होती: “मामाजींना भाजीत चिमूटभर मीठ जास्त झालेलं कळते, पोरीच्या फीची तारीख गेलेली...” आणि लाइट गेली. पंखा दोन-तीन गिरक्या घेऊन थांबला. “...कळत नाही!” हे शब्द सगळ्या घरात, पडवीत आणि पलीकडच्या वाड्यात एकटेच उभे राहिले. आईचं लाटणं पोळीवर थांबलेलं. मावशी परातीत बघतेय. आणि मामाजी, म्हणजे आमचे आजोबा, तिथेच, सहा हातांवर, भिंतीला टेकून पेपर वाचत बसलेले. त्यांनी पान उलटलं. मान वर केली नाही. चष्मा नीट केला आणि पुढचं वाचू लागले.

ही गोष्ट आमच्या घरात पुढे कितीदा सांगितली गेली. आई स्वतःच सांगायची, पदराने डोळे पुसत, हसतही. एवढं ऐकून घेतलं माणसाने, पण कधी एका शब्दाने काढलं नाही. संध्याकाळी चहा दिला तर ‘छान झालाय’ म्हणाले. आणि आम्हा पोरांना त्याच गोष्टीचं दुसरं शेपूट ऐकावं लागायचं: “लक्ष कसं असावं, तर आजोबांसारखं. घरात तोफा सुटल्या तरी वाचन सुटत नाही.” दहावीच्या वर्षी तर रोज.

आजोबा मिलमधले. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, तेव्हापासून नागपूरला मागाच्या खडखडाटाची ओळख. आजोबा मात्र तिथे नव्हते, दुसरीकडे होते. मागांच्या खात्यात पस्तीस वर्षं. शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आदळतात तिथे. त्या आवाजात बोलणं शक्यच नसतं, म्हणून तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलायची. आजोबांना ती सवय घरीही राहिलेली. पाणी हवं असलं की अंगठा ओठांशी न्यायचे. कुणी बोलू लागलं की त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायचे, आम्हाला वाटायचं काय हे लक्ष! आणि रात्री झोपण्याआधी कूलरपाशी जाऊन पत्र्यावर तळहात ठेवून क्षणभर उभे राहायचे. आजी म्हणायची, मशीनला हात लावल्याशिवाय या माणसाला झोप येत नाही.

मूळ विषय राहूनच गेला. ऑफिसातला आवाज. त्या १८,००० चं मी निस्तरलं, रिटर्न रात्री नऊला गेलं, मुलाला काही बोलले नाही. बोलून काय, त्याला कुठे कूलर ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात आईला कानाच्या दवाखान्यात नेलं. ती आता ब्याऐंशीची, दोन वर्षांपासून मालिकेचा आवाज गल्लीला पुरेल इतका. डॉक्टरीणबाई तरुण, समजावून सांगणाऱ्या. आईचा आलेख दाखवला, वयाने उतरत गेलेला. मग भिंतीवर लावलेल्या दुसऱ्या आलेखाकडे माझं लक्ष गेलं. बरा चाललेला, चार हजार हर्ट्झपाशी एकदम खड्डा, आणि पुढे पुन्हा थोडा वर. “हा आवाजात काम करणाऱ्यांचा,” त्या म्हणाल्या. “लूम, प्रेस, बॉयलर. सुरुवात तिथून होते, मग खड्डा रुंदावत जातो. त्यांना आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. ‘स’, ‘श’, ‘फ’ गळून पडतात. बायकामुलांचं बोलणं तर आधी जातं. बरेच जण मग ओठ वाचतात. घरच्यांना वर्षानुवर्षं कळत नाही.” आणि सहज विचारलं, “घरात आणखी कुणाला होता का त्रास?”

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगितला.

“छे,” आई म्हणाली. “आमच्या सासऱ्यांना तर शेवटपर्यंत ठणठणीत ऐकू यायचं. सगळं ऐकून घ्यायचे. पण शब्द नाही काढला हो कधी.”

मी त्या खड्ड्याकडे बघत राहिले. मग आईचा हात धरून तिला खुर्चीतून उठवलं.

घरी आलो तेव्हा साडेचार वाजले होते. मी कूलर लावला. आईने कानातलं नवं यंत्र बोटाने चाचपलं, कूलरकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “किती गं कोकलतो हा! आपला महालातला बरा होता. त्याचा आवाजच नव्हता.”