हॉलची भिंत हिरवट का दिसत होती

ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या बाजूचा फ्लॅट, हॉलच्या खिडकीसमोर येऊरचा डोंगर. भिंतींना पहिला हात मारून झाला होता आणि घरच्या ताई पेंटरला सांगत होत्या, "दादा, आपण ठरवलेला कलर हा नाही. हा हिरवट आहे." पेंटर म्हणत होता, डबा तोच, नंबर तोच. दोघंही खरं बोलत होते.

शेड निवडून देणं आणि साइटवर ती तपासणं हे माझं काम. आधी झाकणावरचं स्टिकर पाहिलं: शेड नंबर, बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळतात तो मूळ रंग), बॅच, सगळं जुळत होतं. त्याच बादलीतला रंग आतल्या बेडरूमला लावला होता आणि तिथे तो हवा तसा, किंचित राखाडी ऑफ व्हाइट दिसत होता. म्हणजे दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर रंग चुकला नव्हता.

मग एक कोरा पांढरा कागद हॉलच्या भिंतीला लावला. कागदही हिरवट! सोसायटीत सगळीकडे हिरव्या झाकेच्या काचेच्या स्लायडिंग खिडक्या आहेत. पल्ला सरकवला आणि तोच कागद उघड्या बाजूसमोर धरला, तर बराच पांढरा दिसला. दोन पल्ले एकावर एक आलेल्या बाजूला नेला की पुन्हा हिरवा. उघड्या बाजूलाही अगदी पांढरा होत नव्हता, कारण बाहेर जुलैचा डोंगर होता. तिथून परतून येणारा उजेड हिरवाच असतो. मे महिन्यात, झाडोरा वाळलेला असताना, याच हॉलमध्ये एवढा फरक पडला नसता.

पण सगळा दोष काचेवर टाकून चालत नाही. दुकानात ताईंनी तीन शेड बाजूला काढल्या होत्या: एक पिवळसर, एक राखाडी आणि एक अगदी पुसट गुलाबी झाकेची. कार्डावर तिन्ही जवळजवळ सारख्याच. निवडली राखाडी. अशा बिस्किटी-राखाडी शेडमध्ये बहुतेक वेळा काळा आणि पिवळा ऑक्साइड (रंगद्रव्य) पडतो, आणि काळ्यात पिवळा मिसळला की मिश्रण हिरव्याकडे झुकतं. बेडरूममध्ये ही झाक दबून राहते. हॉलमध्ये काच आणि डोंगर मिळून तिला वर काढतात. म्हणून इथे लाल ऑक्साइडचा अंश असलेली शेड हवी, म्हणजे ती पुसट गुलाबी झाकेची. लाल हिरव्याला मारतो.

हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. दोन फूट बाय दोन फुटांचे जाड पुठ्ठे घेतले, प्रायमर मारला, प्रत्येक शेडचे दोन हात दिले आणि कडेला इंचभर पांढरी पट्टी सोडली. ओल्या भिंतीवर ठिपके मारून ठरवू नये: शेजारचा रंग डोळ्याला फसवतो आणि इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळायचा रंग) वाळल्यावर थोडं गडद होतं. दोन हातांमध्ये चार तास ठेवतात, पावसाळ्यात त्याहून जास्त लागतात. पुठ्ठे दुसऱ्या दिवशी पाहिले, तेही उभे करूनच. आडव्या पुठ्ठ्यावर छताचा उजेड पडतो आणि रंग फिका वाटतो.

तीन जागा पाहिल्या. खिडकीसमोरची भिंत, खिडकीची स्वतःची भिंत (उजेड तिच्यामागून येतो, त्यामुळे ती सगळ्यात अंधारी) आणि कोपरा, जिथे दोन भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि शेड दाट होते. पिवळसर पुठ्ठा हस्तिदंती फरशीजवळ नेला की खालून आणखी पिवळा पडत होता. तो बाद झाला. गुलाबी झाकेचा दिवसा साधा ऑफ व्हाइट दिसला, कुठेही गुलाबी नाही.

रात्रीची परीक्षा बाकी होती. सीलिंगच्या पॅनेलमध्ये ६५०० केल्व्हिनचे, म्हणजे निळसर पांढरे दिवे, कोव्हमध्ये (छताच्या कडेच्या लपलेल्या खाचेत) ३००० चे, पिवळट. नुसता कोव्ह लावला तेव्हा तो पुठ्ठा चक्क गुलाबी झाला आणि ताई म्हणाल्या, "हे नको हं." त्यावर त्याच पट्टीतली एक पायरी फिकी शेड घेतली आणि पॅनेलचे दिवे ४००० चे करायला सांगितले. दिवे बदलणं रंग बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. फोनवर फोटो पाठवून घरच्यांचं मत घ्यायचं मात्र मी थांबवलं. कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच साधतो आणि जी झाक शोधायची तीच पुसतो.

छताचा पांढरा पाहणंही राहून जातं. निळसर शुभ्र छताखाली कोणताही ऑफ व्हाइट जुनाट दिसतो, म्हणून छतालाही साधा पांढरा न देता किंचित उबदार पांढरा दिला.

हॉलच्या भिंती साधारण साडेचारशे चौरस फूट. गुळगुळीत पुट्टीवर चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे चार लिटर काठावर पुरतं, पाच मागवलं. चार लिटरचा आणि एक लिटरचा डबा वापरायच्या आधीच एका बादलीत एकत्र केला. फिक्या शेडमध्ये रंगद्रव्य इतकं थोडं पडतं की लहान डब्यात थेंबाचाही फरक भिंतीवर दिसतो. उरलेला रंग घट्ट झाकण लावून, वर शेड नंबर लिहून ठेवला. फिनिश मॅट घेतलं, कारण चकाकी असलेल्या भिंतीवर टचअपचं ठिगळ दिसतं आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा मारावी लागते.

काच बदलायला सोसायटी देत नाही, दर्शनी भाग एकसारखा राहावा म्हणून. पडदे अजून घ्यायचे आहेत. ताईंना पांढरं अस्तर घ्यायला सांगितलं आहे, आणि कापडाचा तुकडा दुकानात न ठरवता त्याच खिडकीत, पल्ला बंद करून, टांगून पाहायला.