‘मे नॉट गो’ची गाठ सुटली, पण ‘नीडन्ट’ने नवी घातली

कोष्टक जवळजवळ पूर्ण झाल्याचे मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते; ते विधान मागे घेत आहे. ‘गो’ हे एकच क्रियापद धरून इंग्रजीतली सगळी नकारार्थी मोडल (शक्यता, परवानगी, बंधन दाखवणारी ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’सारखी साहाय्यक क्रियापदे) त्याच्या पुढे लावून पाहायची आणि प्रत्येक जोडीचे एक कार्ड करून त्यात नकाराचा आवाका मोडलवर पडतो (डावा रकाना) की जाण्यावर (उजवा रकाना), एवढेच ठरवायचे, हा आपला खेळ. त्यात ‘मे नॉट गो’ हे कार्ड तीन आठवडे टेबलाच्या कडेला पडून होते, कारण ते डाव्या रकान्यात ठेवले तरी चुकत होते आणि उजव्या रकान्यात ठेवले तरी चुकत होते. परवा रात्री ते एकदाचे मार्गी लागले, पण त्या नादात आधी नीट बसलेली दोन कार्डे उठवावी लागली.

आधी साधनांविषयीचा वैताग सांगून टाकतो. ‘वोन्ट गो’ची उदाहरणे गोळा करण्यासाठी मी ज्या शोधसाधनावर अवलंबून होतो, त्याने सलग दोन संध्याकाळी शून्य निकाल दाखवला. इंग्रजीत ‘वोन्ट गो’ कोणी म्हणतच नाही, असे मानण्याइतका मी भोळा नाही. तरीही चूक कुठे आहे हे कळायला वेळ लागला. पेन ट्रीबँक या इंग्रजी वाक्यसंग्रहाच्या पद्धतीने शब्द तोडणारी साधने ‘वोन्ट’चे दोन तुकडे करतात: पहिल्यात डब्ल्यू आणि ओ ही दोनच अक्षरे उरतात, आणि एन, अ‍ॅपॉस्ट्रॉफी, टी हा दुसरा तुकडा होतो. ‘कान्ट’चीही तीच गत, आणि सलग लिहिलेले ‘कॅनॉट’सुद्धा मधोमध चिरले जाते. तुकडे वेगवेगळे टाकून शोधल्यावर उदाहरणांचा ढीग आला, पण त्यात सरळ अ‍ॅपॉस्ट्रॉफीची वाक्ये तेवढी होती. वळणदार अ‍ॅपॉस्ट्रॉफीची वेगळी शोधावी लागली. तेव्हापासून मोजणीपुरती स्प्रेडशीट ठेवली आहे आणि विचार करायला पुन्हा पुठ्ठ्याची कार्डे काढली आहेत. कार्ड हातात धरून उलटसुलट फिरवता येते, हा त्याचा गुण कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मला अजून सापडलेला नाही.

आता मुख्य गाठीकडे वळतो. माझा पहिला सिद्धान्त देखणा होता: ‘नॉट’ ज्या मोडलला चिकटून आखडतो, त्याच मोडलला तो नाकारतो. ‘कान्ट गो’ म्हणजे जाणे शक्य नाही, नकार शक्यतेवर. ‘नीडन्ट गो’ म्हणजे जाण्याची गरज नाही, नकार गरजेवर. ‘मे’ला मात्र ‘नॉट’ सहसा चिकटत नाही, ‘मेन्ट’ हे रूप व्यवहारातून जवळजवळ गेलेलेच आहे, म्हणून तिथला नकार सुटा राहतो आणि दोन्ही बाजूंना झुकू शकतो, असे मी गृहीत धरले. हा सिद्धान्त दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी ‘मसन्ट गो’चे कार्ड हाती आले आणि सगळा डोलारा कोसळला. ‘यू मसन्ट गो’ याचा अर्थ ‘तू जायलाच हवे असे नाही’ असा होत नाही. ‘तू जाता कामा नये’ असा होतो. म्हणजे ‘नॉट’ इतका घट्ट चिकटला आहे की उच्चारात मधला टीसुद्धा गिळला गेला, आणि तरीही त्याचा नकार पडतो तो जाण्यावर. ‘शुडन्ट गो’चे तेच. हा चिकटलेला ‘नॉट’ म्हणजे सुटा शब्द उरलेला नसून क्रियापदाचा प्रत्ययच झाला आहे, असे आर्नल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी 1983 साली मांडले होते. ते खरे धरले, तर रूपावरून आवाका ओळखू पाहणे ही मुळातच माझी चूक होती.

मग रूप सोडून अर्थ धरला. ‘शी मे नॉट गो’ हे वाक्य नुसते ऐकले, तर ‘तिला जाण्याची परवानगी नाही’ हाही अर्थ निघतो आणि ‘ती कदाचित जाणार नाही’ हाही. पहिल्या अर्थात नकार परवानगीवर पडतो. दुसऱ्यात शक्यता शाबूत राहते आणि नकार जाण्यावर सरकतो. ‘मे’नंतर किंचित थांबून ‘नॉट गो’ एका दमात म्हटले, तर ‘न जाण्याचीही मुभा आहे’ असा तिसरा अर्थही ओढून काढता येतो, पण तो मी तूर्त बाजूला ठेवला आहे. या दोन अर्थांना वेगळे करणारी चाळणी सापडत नव्हती, आणि ती सापडली अगदी क्षुल्लक जागी: ‘गो’च्या जागी ‘हॅव गॉन’ ठेवले. ‘शी मे नॉट हॅव गॉन’ म्हणताच मनाई गळून पडली आणि ‘ती गेली नसेल’ एवढेच उरले. ‘मे नॉट बी गोइंग’ केले तरी तोच परिणाम. ‘कान्ट’वर हीच चाळणी लावली, तर ‘शी कान्ट हॅव गॉन’मध्ये असमर्थता आणि मनाई दोन्ही जातात आणि ‘ती गेली असणे शक्यच नाही’ हे अनुमान राहते. दोन्ही कार्डे शेजारी ठेवल्यावर फरक स्वच्छ दिसला: ‘मे नॉट’मध्ये न जाण्याची शक्यता आहे, ‘कान्ट’मध्ये जाण्याची शक्यता नाही. त्या रात्री कोष्टकाच्या ओळी मी मोडलच्या नावांनी न लावता परवानगी, बंधन आणि अनुमान अशा पुन्हा लावल्या. ‘मे’ची दोन कार्डे झाली, ‘मस्ट’चीही दोन झाली, कारण ‘मस्ट नॉट हॅव गॉन’ हे अनुमान म्हणून विशेषतः अमेरिकी इंग्रजीत सर्रास चालते.

हे लिहिता लिहिताच चाळणीला भोक असल्याचे लक्षात आले. ‘यू नीडन्ट हॅव गॉन’ यात अनुमान नाही. जाणे घडलेले आहे आणि त्याची गरज नव्हती, असा बोल त्यात आहे. ‘शुडन्ट हॅव गॉन’मध्येही तोच प्रकार. मला सुचलेले कारण असे की होऊन गेलेल्या गोष्टीला मनाई करता येत नाही, पण होऊन गेलेल्या गोष्टीला नावे मात्र ठेवता येतात. म्हणजे ही चाळणी परवानगी आणि मनाईपुरती खरी. गरज आणि योग्यायोग्यता तिच्यातून खाली पडत नाहीत.

इथे आपले ‘जायला नको’ आठवले आणि मी चक्रावलो. ‘जायला हवे’ याचा नकार ‘जायला नको’, पण तो कोणत्या बाजूचा? ‘अशा पावसात तिकडे जायला नको’ म्हणजे ‘शुडन्ट’, आणि ‘काम फोनवरच झाले, आता जायला नको’ म्हणजे ‘नीडन्ट’. इंग्रजीने ज्या दोन अर्थांसाठी दोन वेगळी मोडल वापरली, ते आपण एकाच ‘नको’वर भागवतो आणि क्वचितच गोंधळतो. गंमत म्हणजे ‘जायला नको होते’ म्हटले की बहुधा ‘शुडन्ट हॅव’ एवढेच उरते. ‘नीडन्ट हॅव’साठी ‘जायची गरज नव्हती’कडे वळावे लागते, आणि त्यात गेला की नाही हे पुन्हा संदिग्धच राहते.

एक छोटा आनंदही नोंदवतो. ‘वोन्ट गो’च्या ढिगात भविष्यकाळापेक्षा हट्टाची उदाहरणे जास्त लक्ष वेधून घेत होती: डाग, झाकण, गाडी असे निर्जीव कर्ते आणि त्यांचा आडमुठेपणा. ‘द स्टेन वोन्ट गो’ला ‘डाग जाणार नाही’ लावले, तर तो निव्वळ अंदाज होतो; पण ‘डाग जाता जात नाही’ लावले की नेमके बसते. मागोमाग ‘ही वुडन्ट गो’साठी ‘तो काही केल्या जाईना’ हेही आपोआप जुळले. ‘जाईना’ या एका शब्दात मोडल, नकार आणि जाणे तिन्ही मावते, म्हणून त्याचे कार्ड मी लाल शाईने लिहिले आहे.

पुढच्या वेळी ‘ऑट नॉट टु गो’ घेण्याचे ठरले होते, कारण ‘टु’ मागणारे ते एकटेच कार्ड रांगेत खटकते. तो बेत आता पुढे ढकलतो. त्याआधी ‘नको’ची चाळीस वाक्ये गोळा करून त्यांतली किती ‘शुडन्ट’कडे आणि किती ‘नीडन्ट’कडे जातात ते पाहणार आहे. तुमच्याकडे दोन्हीकडे सारखीच झुकणारी वाक्ये असतील, तर मागचा-पुढचा संदर्भ न कापता पाठवा. मागच्या वेळी आलेल्या सुट्या वाक्यांपैकी निम्मी मला त्याच कारणाने बाद करावी लागली.